साठ ग्रेची रेषा

जपानमधल्या चिबा शहरात जून १९९५ ते जानेवारी २००० या काळात गर्भाशयमुखाचा कर्करोग बळावलेल्या ४४ बायकांवर कार्बन आयनांनी उपचार झाले. निम्म्या जणींच्या गाठी साडेसहा सेंटीमीटरहून मोठ्या होत्या. उपचार चालू असताना कुणालाही मोठा त्रास झाला नाही. त्रास उशिरा आला. काही महिन्यांनी, काहींना त्याहून उशिरा, आणि ४४ पैकी ८ जणींच्या आतड्यांना गंभीर इजा झाल्याचं लक्षात आलं. शस्त्रक्रिया करून आठही जणींना सावरता आलं. मग डॉक्टरांनी त्यांच्या उपचारांचे आराखडे पुन्हा उघडले आणि आतड्याला किती डोस गेला होता ते तपासलं. इजा झाली होती तिथे आकडा ६० किंवा त्याहून जास्त निघाला. तेव्हापासून तिथे मर्यादा ठरली, आतड्याला ६०च्या आत.

आज हा आकडा तक्त्यात छापलेला दिसतो. निरोगी अवयवांच्या मर्यादांचे असे तक्ते जगातल्या प्रत्येक किरणोपचार विभागात असतात. मज्जारज्जूला इतका, डोळ्याच्या नसेला इतका, गुदाशयाला इतका. पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखे ते निसर्गातच लिहिलेले असावेत असं पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कुणाच्या तरी शरीराने आणि त्या शरीराकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवणाऱ्या कुणाच्या तरी चिकाटीने मिळवलेला आहे. लक्ष ठेवणारं कुणी नसतं, तर त्या आठ बायका आपापल्या गावी आजारी पडल्या असत्या आणि चिबाच्या कागदांवर उपचार यशस्वी अशीच नोंद राहिली असती.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरसारख्या गावाशी या गोष्टीचा संबंध इथेच येतो. भारतात कार्बन आयन उपचाराचं केंद्र अजून उभं राहिलेलं नाही. प्रोटॉन मात्र आले आहेत. चेन्नईत २०१९पासून एक खासगी केंद्र चालू आहे, तर खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेतली राष्ट्रीय हॅड्रॉन उपचार सुविधा मे २०२३मध्ये देशाला अर्पण झाली. पुढचं पाऊल कार्बनचं, असं आता वैद्यकीय वर्तुळात बोललं जातं. हे यंत्र येईल तेव्हा त्याच्यासोबत जपान आणि युरोपातले मर्यादांचे तक्तेही येतील. ते इथे तसेच चालतील, ही समजूत धोक्याची आहे.

कार्बनची खासियत आणि त्याची अडचण एकाच गोष्टीत आहे. नेहमीच्या किरणोपचारातले क्ष-किरण शरीरात एका बाजूने शिरतात, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात आणि वाटेतल्या सगळ्यांनाच थोडाथोडा डोस देत जातात. कार्बनच्या अणुकेंद्रांचं तसं नसतं. प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ७० टक्के वेगाने ती शरीरात शिरतात. सुरुवातीला थोडी ऊर्जा सोडतात आणि जिथे थांबतात तिथे शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये उरलेली जवळजवळ सगळी ऊर्जा ओतून मोकळी होतात. याला ब्रॅग शिखर म्हणतात. हे शिखर नेमकं गाठीवर बसवता येतं. मात्र वाटेत काही अणुकेंद्रं फुटतात आणि त्यांचे हलके तुकडे शिखराच्या पलीकडेही जातात. प्रोटॉनच्या बाबतीत हे शेपूट जवळजवळ नसतं, कार्बनला ते असतंच. गाठीमागच्या अवयवाला ते थोडंफार सोसावं लागतं.

आता डोस. एक ग्रे म्हणजे एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा. एकरकमी ६० ग्रे दिले तरी त्या ऊर्जेने ऊतीचं तापमान एका अंशाच्या सत्तराव्या भागाएवढंच वाढेल. इजा उष्णतेने होत नाही. ती पेशीतल्या डीएनएचे धागे तुटल्याने होते. क्ष-किरण हे घाव विखरून घालतात, त्यामुळे निरोगी पेशी त्यातले बरेचसे दुरुस्त करते. कार्बन आपल्या वाटेच्या शेवटी एकाच जागी दाटीने घाव घालतो. दोन्ही धागे शेजारीशेजारी तुटले की दुरुस्ती अवघड होते. म्हणून क्ष-किरणांना दाद न देणाऱ्या, ऑक्सिजनचा तुटवडा असलेल्या गाठींवरही कार्बन चालतो. पण त्या शिखरात निरोगी आतड्याचा तुकडा आला, तर त्याची दुरुस्तीही तितकीच अवघड होते.

म्हणून कार्बनचा डोस नुसत्या ग्रेमध्ये सांगून भागत नाही. तोच परिणाम साधायला क्ष-किरणांचे किती ग्रे लागले असते, ते एका गुणकाने काढावं लागतं. प्रोटॉनसाठी हा गुणक सरसकट १.१ धरतात. कार्बनसाठी तो शरीरात शिरताना एकच्या थोडा वर असतो आणि शेवटी दोन-तीनच्या घरात जातो. ऊतीगणिक तो बदलतो, एका सिटिंगला किती डोस दिला यावर बदलतो, लगेच होणारा परिणाम पाहतो आहोत की उशिराचा यावरही बदलतो. शरीराच्या प्रत्येक बिंदूवर तो संगणकाला गणिती प्रारूपातून काढावा लागतो, आणि जगात अशी एकाहून अधिक प्रारूपं वापरात आहेत. जपानमधल्या केंद्रांनी एका पद्धतीचा आधार घेतला, जर्मनीतल्या डार्मस्टाटला तयार झालेली दुसरी पद्धत युरोपात रूढ झाली. दोन्हीकडे कागदावर एकच आकडा असला तरी रुग्णाच्या शरीरात गेलेली प्रत्यक्ष ऊर्जा वेगळी असू शकते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण इटलीतल्या पाव्हिया शहरातलं आहे. डोक्याच्या आणि मानेच्या गाठींवर कार्बन देताना डोळ्याची नस वाचवायची असते, नाहीतर गाठ जाते आणि दृष्टीही जाते. जपानी मर्यादेनुसार नसेच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भागाला २८च्या वर डोस जाऊ द्यायचा नाही. पाव्हियाच्या डॉक्टरांनी हाच आकडा उचलला, पण त्यांचा संगणक युरोपीय पद्धतीने मोजत होता. पुढे त्यांनी २०१३-१४मध्ये उपचार केलेल्या ३८ रुग्णांच्या ६५ नसांचा चार वर्षांच्या आसपास पाठपुरावा केला आणि जुने आराखडे दोन्ही पद्धतींनी पुन्हा मोजून पाहिले. जपानचे २८ म्हणजे त्यांच्या मोजणीतले जवळजवळ ४० निघाले. म्हणजे इतकी वर्षं ते गरजेपेक्षा जास्त जपत होते, आणि नसेला जपण्याच्या नादात शेजारच्या गाठीला मिळायला हवा तो डोस काही वेळा कमी पडण्याची शक्यता होती. इतकं कळल्यावरही त्यांनी मर्यादा सरळ ४०वर नेली नाही. आपल्या पद्धतीतल्या अनिश्चितता लक्षात घेऊन ऑक्टोबर २०१८पासून ते ३७वर थांबले. मोजा, तपासा, आणि बदलतानाही हात राखून बदला, ही त्यांची रीत दाद देण्यासारखी आहे.

उलट्या दिशेची चूक याहून महागात पडते, आणि ती एकदा होऊन गेलेली आहे. अमेरिकेत बर्कलीला रॉबर्ट स्टोन यांनी १९३८ ते १९४३ या काळात दोनशेहून अधिक रुग्णांना न्यूट्रॉनचे उपचार दिले. न्यूट्रॉनही कार्बनसारखाच दाट घाव घालतो. किती डोस सुरक्षित हे ठरवताना मुख्य आधार होता त्वचेवर लगेच दिसणाऱ्या परिणामांचा. रुग्णांनी उपचार सोसले, काही गाठी विरघळल्याही. मग वर्षं सरली आणि जे वाचले होते त्यांच्यातल्या अनेकांच्या त्वचेखाली, स्नायूंत, आतड्यांत उशिराच्या इजा भयंकर रूपात समोर आल्या. छोट्या हप्त्यांनी दिलेल्या डोसचा उशिरा दिसणारा परिणाम न्यूट्रॉनच्या बाबतीत धरल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, हे तोवर कुणाला उमगलेलं नव्हतं. खुद्द स्टोन यांनीच १९४८मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात हे उपचार पुढे चालू ठेवू नयेत असा निष्कर्ष मांडला. एका परिस्थितीत मिळालेला आकडा दुसऱ्या परिस्थितीत वापरला आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

साध्या क्ष-किरणांच्या मर्यादांचा इतिहासही फार वेगळा नाही. बहमान इमामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१मध्ये अवयवांच्या सोसण्याचा जो तक्ता प्रसिद्ध केला, तो पुढे दोन दशकं जगभर प्रमाण मानला गेला. त्यातले बरेच आकडे तुटपुंज्या नोंदींवर आणि अनुभवी डॉक्टरांच्या अंदाजावर बेतलेले होते, आणि हे त्यांनी लपवलंही नव्हतं. २०१०मध्ये जास्त पुराव्यांनिशी नवा आढावा आला. पण मूळ चौकट तीच राहिली. किती डोसला पाच वर्षांत किती टक्के रुग्णांना इजा होते? इमामींच्या तक्त्याची मुख्य ओळ पाच टक्क्यांची होती.

पाचच टक्के का, याचं उत्तर भौतिकशास्त्रात सापडत नाही. कुठली इजा किती जणांना झाली तर चालेल, हे माणसं ठरवतात. मज्जारज्जूच्या बाबतीत कुणी पाच टक्के मान्य करत नाही, कारण तिथली इजा म्हणजे पक्षाघात. नेहमीच्या हप्त्यांनी ५० ग्रे दिल्यास तिथला धोका हजारात दोनच्या आसपास येतो आणि डॉक्टर तिथेच थांबतात. गुदाशयातून अधूनमधून रक्त जाणं मात्र तक्त्यात सौम्य ते मध्यम गणलं जातं. ते सौम्य कुणासाठी, हे तक्ता सांगत नाही.

तेर हे तेरणाकाठचं, गोरोबाकाकांचं गाव. इथून खारघर सुमारे ४०० किलोमीटर. समजा इथल्या एखाद्या बाईने गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी बार्शी, सोलापूर किंवा मुंबईत शेक घेतला, गाठ गेली आणि ती घरी परतली. दीड-दोन वर्षांनी तिला शौचातून रक्त जाऊ लागतं. दिवसातून सहा-सात वेळा घाईने जावं लागतं. चाचणी अहवालाच्या भाषेत ही दुसऱ्या श्रेणीची इजा. तिच्या दिवसात याचा अर्थ सोयाबीनच्या रानात रोजंदारीला जाता येत नाही, एसटीत तासभर बसायची धास्ती वाटते, लग्नकार्याला जाणं टळतं. आधीच कमी असलेलं रक्त आणखी उतरतं. सांगायचं कुणाला? घरात सांगितलं तर पिशवीचा कॅन्सर परत आला म्हणतील. मग ती गप्प राहते. तिची फाईल ज्या दवाखान्यात आहे तिथे ती नंतर आलीच नाही, म्हणून तिथल्या हिशेबात तिला काही त्रास नाही.

अशा प्रत्येक न आलेल्या रुग्णामागे मर्यादेचा आकडा थोडा जास्त सुरक्षित भासत जातो. आपल्याकडे परदेशी मर्यादा लागू पडतात की नाही हे कळायला पाठपुराव्यावाचून दुसरा मार्ग नाही. आधी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचं आतडं कमी सोसतं, हे माहीत आहे. इथल्या जुन्या संसर्गांचा आणि रक्तक्षयाचा वाटा किती, याचं उत्तर चिबाच्या नोंदवह्यांतून मिळणार नाही.

आणि ज्या कामाची इथे उणीव आहे, त्याचा भारतातला एक भक्कम नमुना याच टापूत घडलेला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने १९८७मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसह धाराशिव जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे तालुके तिच्या क्षेत्रात होते. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नाही, हे ओळखून इथले कर्मचारी गावोगाव गेले. लोकांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली, संशयित रुग्णांना तपासणीला आणलं. पहिल्या काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं. नवं यंत्र न आणता, नुसत्या जाण्यायेण्याने आणि बोलण्याने.

या पायावर १९९९मध्ये त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास उभा राहिला. गावांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पेशीतपासणी, तिसऱ्याची अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीची व्यवस्था. निकाल २००९मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. या पुराव्याला पुढे जगभरच्या धोरणांत वजन मिळालं. चौथ्या गटातल्या ३१ हजारांहून अधिक बायकांना तपासणीविना का ठेवलं, यावर नंतर वैद्यकीय नीतीच्या अंगाने कठोर प्रश्न विचारले गेले, आणि ते रास्त होते. जगाला मिळालेल्या ज्ञानातला मोठा वाटा इथल्या बायकांचा आहे. त्याची परतफेड त्यांना आरोग्यसेवेत मिळायला हवी, हा मुद्दा त्या प्रश्नांतूनच उभा राहतो.

गावोगाव आठ वर्षं लाखभर बायकांचा माग ठेवता आला, तर उपचार झालेल्या काही हजारांचा ठेवणं अशक्य कसं म्हणायचं?

पाठपुरावा नेटाने केला की इथेही आकडे बोलतात. खारघरच्या डॉक्टरांनी २०११ ते २०१९ या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० बायकांवर एक चाचणी केली. निम्म्यांना जुन्या त्रिमितीय पद्धतीने किरणोपचार, निम्म्यांना आतडं चुकवत डोसाला आकार देणारी, रोज प्रतिमा घेऊन नेम धरणारी नवी पद्धत. तीन वर्षांत आतड्याची मध्यम किंवा त्याहून गंभीर उशिराची इजा जुन्या पद्धतीत ४२.४ टक्क्यांना झाली, नव्या पद्धतीत २१.१ टक्क्यांना. आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. हा फरक केवळ दुष्परिणाम चिकाटीने मोजल्यामुळे समोर आला. मोजले नसते तर दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या असत्या आणि स्वस्त पडते म्हणून जुनीच चालू राहिली असती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. जिथे तालुक्याच्या गावी साधी तपासणी वेळेवर होत नाही, तिथे कार्बनची चर्चा म्हणजे चैन, असं अनेकजण म्हणतात. कर्करोगाच्या या प्रकारापुरतं ते बरोबर आहे. बाहेरून किरण आणि आतून ब्रॅकीथेरपी या जोडीने गर्भाशयमुखाचा कर्करोग चांगला बरा होतो. ती जोडी प्रत्येक रुग्णाला मिळवून देणं हे पहिलं काम. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कार्बन केंद्राला ११ कोटी युरोंहून अधिक खर्च आला होता आणि तिथली रुग्णाभोवती किरण फिरवणारी चौकटच ६७० टनांची आहे. एवढ्या पैशात राज्यभर काय काय उभं राहील याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. पण माकडहाडातल्या कॉर्डोमासारख्या, शस्त्रक्रियेला अवघड आणि क्ष-किरणांना न बधणाऱ्या गाठी गरिबांनाही होतात. जपानने २०१६मध्ये हाडांच्या आणि मृदू ऊतींच्या अशा कर्करोगांसाठी कार्बन सार्वजनिक विम्यात आणला. उद्या भारतात केंद्र झालं तर त्याचे रुग्णही महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कागदांवर सह्या करणारेच असले पाहिजेत. यंत्राची घाई नको, पण ते येण्याआधी पाठपुराव्याची यंत्रणा उभी करायला आजच सुरुवात व्हायला हवी. ती आज प्रोटॉनच्या आणि लिनॅक, कोबाल्ट या नेहमीच्या किरणोपचार यंत्रांवरच्या रुग्णांनाही तेवढीच उपयोगी आहे.

सुरुवात डिस्चार्ज कार्डापासून करता येईल. त्यावर बहुतेक वेळा एकूण डोस आणि सिटिंगची संख्या असते. गुदाशयाच्या सर्वाधिक डोस मिळालेल्या २ घन सेंटीमीटरला, म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी भागाला, किती डोस गेला हेही लिहायला हवं. ब्रॅकीथेरपीत आज हा आकडा काढलाच जातो, ७५ ग्रेच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. कार्बन आला तर गुणक कुठल्या पद्धतीने काढला आणि प्रत्यक्ष ऊर्जा किती, या दोन गोष्टींची भर घालावी लागेल. आणखी एक ओळ मराठीत हवी: रक्त गेल्यास तुकडा काढण्याआधी उपचार केलेल्या डॉक्टरांशी बोला. किरणोपचार झालेल्या गुदाशयाच्या भिंतीतून तपासणीसाठी तुकडा घेतला तर ती जखम अनेकदा नीट भरत नाही, कधी योनीमार्गापर्यंत भोक पडतं. धाराशिव किंवा लातूरच्या डॉक्टरला जुना डोस माहीतच नसेल, तर नव्या कर्करोगाच्या शंकेने तो नेमका तुकडा घेईल.

दुसरं काम बार्शीच्या पद्धतीचं. कर्करोग नोंदणी आता धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतही पोचली आहे. तिच्या कामाचा भर निदान आणि मृत्यू यांवर असतो. किरणोपचार झालेल्या रुग्णाच्या नावापुढे दरवर्षी भरायचा एक रकाना वाढवता येईल. तो भरायला गावातली आशाताई किंवा नोंदणीची बाई कर्मचारी घरी जाईल, पुरुषमाणसं नसताना बसेल आणि विचारेल: दिवसातून किती वेळा जावं लागतं? रक्त पडतं का? लघवी थांबवता येते का? नवऱ्याजवळ जाताना दुखतं का? या त्रासामुळे कामावर जाणं कधी सोडलं? उत्तरं डोसाच्या आकड्याशेजारी लिहिली गेली की दहा वर्षांनी खारघरच्या भौतिकतज्ज्ञाला परांडा, भूम आणि तेरच्या बायकांवरून ठरलेली मर्यादा हाताशी येईल, आणि चिबाचे ६० त्याला त्या आकड्याशी ताडून पाहता येतील.